डोस वाढवण्याआधी गोळीची चौकशी करा

हायपोथायरॉइडिझमला, म्हणजे थायरॉइड ग्रंथी कमी पडण्याला, औषध एकच, लेव्होथायरॉक्सिन. दिवसातून एकदा घ्यायचं, आणि शरीर स्वतः बनवतं तेच संप्रेरक, थायरॉक्सिन म्हणजे टी-४, गोळीतून मिळतं. कागदावर यापेक्षा सोपा उपचार नाही. तरी वर्षानुवर्षं गोळी घेणाऱ्या कितीतरी जणांचा टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणाऱ्या संप्रेरकाची रक्तातली पातळी) आज ८, पुढच्या वेळी ०.२, मग पुन्हा ११ असा हेलकावे खात असतो आणि प्रत्येक रिपोर्टबरोबर डोस बदलत जातो. माझं मत असं की यात खुद्द डोसचा दोष क्वचित असतो. गोळी पोटात कशी जाते हे कुणी विचारलेलं नसतं, नाहीतर रक्त चुकीच्या वेळी काढलेलं असतं. हे लिखाण मुख्यतः फॅमिली प्रॅक्टिस करणाऱ्यांसाठी आहे. गोळी घेणाऱ्यांनी वाचायला हरकत नाही, फक्त वाचून स्वतःचा डोस स्वतः बदलू नका.

आधी आकड्याचा स्वभाव. टीएसएच थायरॉइड ग्रंथी बनवत नाही, तो पिट्युटरीकडून, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीकडून, येणारा हुकूम आहे. रक्तात टी-४ कमी पडला की पिट्युटरी जास्त टीएसएच सोडते. म्हणजे टीएसएच वाढला याचा अर्थ थायरॉइडचं काम मंदावलं. 'थायरॉइड वाढलाय' एवढंच ऐकून गेलेला पेशंट कधी कधी गोळी जास्त झाली असं समजतो आणि ती बंदच करून टाकतो. त्यामुळे हे उलटं नातं पहिल्याच भेटीत दोन वाक्यांत सांगून टाकावं.

हे नातं सरळ पटीतलंही नाही. फ्री टी-४ (रक्तात प्रथिनाला न चिकटलेला, मोकळा टी-४) निम्म्यावर आला तर टीएसएच साधारण शंभर पटींनी चढतो. म्हणून ग्रंथी थोडी जरी कमी पडली तरी टीएसएच लवकर बोलतो, आणि पहिली तपासणी म्हणून तो उत्तम आहे. पण याच कारणाने टीएसएच ४ वरून ६ झाला म्हणजे रक्तातलं संप्रेरक फार घटलं असं मुळीच नाही. त्यात भर म्हणजे टीएसएच दिवसभरात बदलतो: रात्री आणि पहाटे चढलेला, दुपारी उतरलेला. एकाच माणसात, एकाच तब्येतीत, दोन वेळच्या रिपोर्टमध्ये ४० टक्क्यांपर्यंत फरक सहज पडू शकतो. मागच्या वेळी ३.६ आणि आता ४.९ आला, तर ती कदाचित तीच स्थिती असते. दर वेळी साधारण त्याच वेळेला, शक्यतो सकाळी आणि शक्यतो त्याच लॅबमध्ये रक्त द्यावं. टीएसएचसाठी उपाशी असण्याची गरज नाही.

निदान: काय तपासायचं, काय नाही

लक्षणं सगळ्यांना पाठ असतात: थकवा, थंडी सोसत नाही, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, केस गळणं, वजन वाढणं, पाळीत जास्त रक्तस्राव. अडचण अशी की यातलं प्रत्येक लक्षण थायरॉइड धडधाकट असलेल्या माणसातही सापडतं. त्यापेक्षा मी काही कमी गाजलेल्या खुणांना जास्त वजन देतो. आवाज घोगरा होणं, दोन्ही हातांत मुंग्या येणं म्हणजे कार्पल टनेल (मनगटात नस दबणं), नाडी मंद, खालचा रक्तदाब वाढलेला, घोट्याचा रिफ्लेक्स उसळतो झटकन पण परततो हळू. रक्ताच्या इतर रिपोर्टमध्येही खुणा असतात: एलडीएल (घातक कोलेस्टेरॉल) अचानक वाढलेला, कारण नसताना सीपीके (स्नायूंतलं एन्झाइम) वाढलेला, सोडियम कमी, लाल पेशींचा आकार मोठा. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन सुरू करण्याआधी एकदा टीएसएच बघावा. हायपोथायरॉइडिझम असताना स्टॅटिन दिलं तर स्नायूंचा त्रास होण्याची शक्यता वाढते, आणि थायरॉइड ताळ्यावर आल्यावर एलडीएल आपोआप काही अंशी उतरतो.

पहिली तपासणी फक्त टीएसएच. तो वाढलेला असेल तर त्याच नमुन्यावर फ्री टी-४. टीएसएच वाढलेला आणि फ्री टी-४ कमी म्हणजे उघड हायपोथायरॉइडिझम. फ्री टी-४ मर्यादेत असेल तर सबक्लिनिकल, म्हणजे छुपा. अँटी-टीपीओ अँटिबॉडी (शरीराने स्वतःच्याच थायरॉइडविरुद्ध बनवलेली प्रथिनं) एकदा करावी. ती पॉझिटिव्ह आली की कारण हाशिमोटोचा थायरॉयडायटिस (थायरॉइडची स्वयंप्रतिकार सूज), ज्याचं वर्णन जपानी शल्यचिकित्सक हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये केलं. एकदा पॉझिटिव्ह आल्यावर दर वर्षी हा टायटर (अँटिबॉडीचं प्रमाण) करून काहीही साधत नाही, कारण उपचार त्याच्यावर ठरत नाहीत. 'अँटिबॉडी १३०० वरून ९०० वर आणा' असं उद्दिष्ट वैद्यकात नाही.

टी-३ (थायरॉइडचं दुसरं संप्रेरक) तपासण्याची गरज जवळजवळ कधीच नाही. टी-४ कमी पडू लागला की शरीर उरलेल्यातून टी-३ जपून ठेवतं, म्हणून खऱ्या हायपोथायरॉइडिझममध्येही टी-३ बराच काळ नॉर्मल येतो. टी-३, टी-४, टीएसएच असं एकत्र प्रोफाइल करताना टी-३ आणि टी-४ बहुधा 'टोटल' मोजलेले असतात. गर्भनिरोधक गोळ्या किंवा गरोदरपण यांत वाहक प्रथिन वाढतं, त्यामुळे टोटल टी-४ फुगतो आणि उगाच गोंधळ होतो. सोनोग्राफीही नेहमीची नाही. हाताला गाठ लागली, एका बाजूला सूज दिसली किंवा गिळायला-श्वासाला अडथळा असला तरच करावी. नाहीतर दोन मिलीमीटरची निरुपद्रवी गाठ सापडते आणि काळजीचा नवा धंदा सुरू होतो.

कारणांत औषधांची चौकशी विसरू नये. मनोविकारावरचं लिथियम आणि हृदयाच्या लयीवरचं अमियोडॅरोन ही दोन ठळक. अमियोडॅरोनच्या २०० मिलिग्रॅमच्या गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन असतं, शरीराच्या रोजच्या गरजेच्या शेकडो पट. ही औषधं सुरू करण्याआधी टीएसएच करावा आणि नंतर दर सहा महिन्यांनी. कर्करोगावरची काही नवी इम्युनोथेरपी औषधंही थायरॉइडला धक्का देतात. मानेवर झालेलं रेडिएशन, रेडिओआयोडीन, थायरॉइडची शस्त्रक्रिया या गोष्टी पेशंट आपणहून सांगेलच असं नाही. मानेवरचा व्रण बघितला की एक प्रश्न वाचतो.

आणि तपासणी कधी करू नये? माणूस गंभीर आजारी असताना किंवा नुकताच उठलेला असताना. आजारपणात टीएसएच दबतो आणि बरं होताना तात्पुरता चढतो, कधी २० पर्यंत. न्यूमोनियातून उठलेल्याला टीएसएच ९ आला म्हणून जन्मभराची गोळी लावणं चूक आहे. दीड-दोन महिने थांबून पुन्हा बघावं.

काठावरचा टीएसएच

खरा विचार इथे करावा लागतो. टीएसएच ४ ते १०, फ्री टी-४ नॉर्मल. पहिलं काम म्हणजे काहीही न करता दोन-तीन महिन्यांनी टीएसएच, फ्री टी-४ आणि अँटी-टीपीओ करणं. बऱ्याच जणांचा आकडा तोवर आपोआप खाली आलेला असतो. वजन जास्त असलेल्यांचा टीएसएच थोडा वर असतो, तो बहुधा वजनाचा परिणाम असतो, कारण नव्हे. वजन उतरलं की तोही उतरतो. वयानुसार वरची मर्यादाही सरकते. ऐंशी ओलांडलेल्या निरोगी माणसाचा टीएसएच ७ च्या आसपास असणं आजार नाही, पण लॅबच्या कागदावर मर्यादा वीस वर्षांच्या मुलीला आणि आजोबांना एकच छापलेली असते, आणि शेजारी ठळक अक्षरात 'हाय'.

इंग्लंडमधल्या व्हिकहॅम इथल्या लोकांचा वीस वर्षं पाठपुरावा झाला. त्यातून मिळालेले आकडे अजूनही कामाचे आहेत. बायकांमध्ये टीएसएच वाढलेला आणि अँटिबॉडी पॉझिटिव्ह, असं दोन्ही असेल तर उघड हायपोथायरॉइडिझम होण्याचं प्रमाण वर्षाला ४.३ टक्के. फक्त टीएसएच वाढलेला असेल तर २.६ टक्के, फक्त अँटिबॉडी असतील तर २.१ टक्के. म्हणजे अँटिबॉडी पॉझिटिव्ह असणाऱ्यांवर वर्षातून एकदा टीएसएच करून लक्ष ठेवावं. घाई करण्यासारखं त्यात काही नाही.

टीएसएच दोनदा १० किंवा त्याहून जास्त आला तर सत्तरीच्या आतल्या माणसाला गोळी सुरू करावी. ४ ते १० मध्ये माझं धोरण असं: वय कमी, लक्षणं पटण्यासारखी, अँटिबॉडी पॉझिटिव्ह किंवा गलगंड असेल तर सहा महिन्यांची चाचणी म्हणून गोळी द्यावी, २५ ते ५० मायक्रोग्रॅम. टीएसएच मर्यादेत आल्यावर तीन-चार महिन्यांत फरक वाटला तर चालू ठेवावी. वाटला नाही तर बंद करावी आणि थकव्याचं खरं कारण शोधावं. ही 'चाचणी' आहे हे सुरुवातीलाच बोलून ठेवावं. नंतर बंद करणं सुरू करण्यापेक्षा दसपट अवघड जातं. पासष्टीच्या पुढच्या लोकांमध्ये मात्र हात आखडता घ्यावा. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्रस्ट नावाच्या चाचणीत ६५ वर्षांवरच्या ७३७ जणांना सबक्लिनिकल हायपोथायरॉइडिझमसाठी गोळी किंवा तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी दिली होती. थकवा आणि इतर लक्षणांत काही फरक पडला नाही.

गरोदर किंवा मूल हवं असलेल्या स्त्रिया या हिशेबात बसत नाहीत. त्यांच्याविषयी पुढे.

सुरुवातीचा डोस

पूर्ण गरज साधारण दर किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम. ६० किलो वजनाला ९६, म्हणजे १०० ची गोळी. उघड हायपोथायरॉइडिझम असलेल्या, हृदय निरोगी असलेल्या तरुण माणसाला पहिल्या दिवसापासून याच डोसवर ठेवता येतं. २५ पासून चढत जाण्याची सवय अनेकांना आहे. त्याने इजा होत नाही, पण पेशंटचे तीन-चार महिने उगाच थकव्यात जातात. वजन खूप जास्त असेल तर हे सूत्र जास्तीचा डोस सांगतं, कारण गरज चरबीवर नाही, स्नायूंच्या वजनावर ठरते. १२० किलोच्या माणसाला थेट १९२ देऊ नये.

पासष्टीच्या पुढे, किंवा अँजायना, आधी झालेला हार्ट अटॅक, हृदयाची अनियमित लय असेल तर २५ पासून, फार नाजूक असेल तर १२.५ पासून. चार ते सहा आठवड्यांनी १२.५ ते २५ ने वाढवत न्यावं. छातीत दुखू लागलं तर डोस तिथेच थांबवून आधी हृदयाची व्यवस्था लावावी. सबक्लिनिकलला पूर्ण डोस कधीच लागत नाही, कारण ग्रंथी अर्धी-अधिक काम करतच असते. थायरॉइड काढून टाकलेल्याला मात्र सहसा सूत्राप्रमाणे पुरा लागतो.

सुरू करण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारावा: अ‍ॅड्रिनल ग्रंथी (मूत्रपिंडावरची, कॉर्टिसोल हे संप्रेरक बनवणारी) ठीक आहे ना? हायपोथायरॉइडिझममध्ये वजन वाढायला हवं, इथे घटतंय. रक्तदाब कमी, उभं राहिल्यावर चक्कर, उलट्या, तळहाताच्या रेषा आणि हिरड्या काळवंडलेल्या, साखर कमी येते. असं काही दिसलं तर आधी सकाळी ८ चा कॉर्टिसोल. कॉर्टिसोल कमी असताना थायरॉक्सिन दिलं तर चयापचय वाढून उरलासुरला कॉर्टिसोल लवकर संपतो आणि माणूस अ‍ॅड्रिनल क्रायसिसमध्ये (रक्तदाब कोसळण्याच्या जीवघेण्या अवस्थेत) जाऊ शकतो. गंमत अशी की नुसत्या कॉर्टिसोलच्या कमतरतेनेही टीएसएच थोडा वाढतो आणि स्टिरॉइड दिल्यावर खाली येतो.

रक्त पातळ ठेवणारं वॉर्फरिन चालू असेल तर थायरॉइड सुधारत जाईल तसा आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप) चढतो, म्हणून सुरुवातीला आणि प्रत्येक डोसबदलानंतर तो लवकर बघावा. मधुमेहात इन्सुलिनची गरज वाढू शकते.

गोळी पोटात कशी जाते

लेव्होथायरॉक्सिन लहान आतड्यात शोषलं जातं आणि रिकाम्या पोटीसुद्धा त्यातलं ७० ते ८० टक्केच रक्तात पोचतं. पोटात अन्न असलं की हे प्रमाण घसरतं, आणि रोज वेगवेगळं घसरतं. हेलकाव्यांचं मूळ इथे आहे. नियम असा: सकाळी उठल्याबरोबर साध्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर किमान अर्धा तास, जमल्यास तासभर काही नाही. 'काही नाही' यात चहा, कॉफी, दूध सगळं आलं. 'उपाशीपोटी घेते' असं सांगणारी व्यक्ती कॉफीच्या पहिल्या घोटाबरोबर गोळी घेत असते, कारण तिच्या लेखी कॉफी म्हणजे खाणं नव्हे. म्हणून 'उपाशीपोटी घेता का?' असं विचारू नये. 'गोळी घेतल्यावर तोंडात पहिली गोष्ट काय जाते आणि किती वेळाने?' असं विचारावं.

सकाळची घाई असेल तर रात्री झोपताना घेणं तितकंच चांगलं, अट एवढीच की शेवटच्या जेवणाला तीन तास तरी झालेले असावेत. वेळ कुठलीही निवडा, ती रोज तीच असू द्या.

कॅल्शियम आणि लोह या दोन गोळ्यांपासून चार तासांचं अंतर हवं. त्या थायरॉक्सिनला आतड्यातच बांधून टाकतात. मल्टिव्हिटॅमिनमध्ये दोन्ही असतात हे लक्षात राहत नाही. अँटासिड, सुक्राल्फेट, कोलेस्टायरामिन यांचंही तेच. सोयाचे पदार्थ रोज घेत असाल तर ते गोळीपासून लांब ठेवा. ओमेप्राझोलसारख्या गोळ्यांचं गणित वेगळं आहे: पोटातलं आम्लच कमी झाल्याने गोळी नीट विरघळत नाही, म्हणून अंतर ठेवून उपयोग नसतो. असं औषध कायमचं लागलं किंवा बंद झालं की सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करावा. फेनिटोइन, कार्बामाझेपिन, रिफॅम्पिसिन ही औषधं थायरॉक्सिन लवकर संपवतात, डोस वाढवावा लागतो. तोंडाने घ्यायचं इस्ट्रोजेन सुरू झालं तरीही. कोबी-फ्लॉवर सोडण्याची गरज नाही. शिजवून, नेहमीच्या प्रमाणात खाल्ल्याने काही होत नाही. 'थायरॉइडसाठी' म्हणून विकल्या जाणाऱ्या आयोडीनच्या किंवा समुद्री शेवाळाच्या गोळ्या मात्र घेऊ नयेत. हाशिमोटो असलेल्यात जादा आयोडीन ग्रंथीला आणखी मंद करतं.

गोळी उष्णतेने, दमटपणाने आणि उजेडाने खराब होते. खिडकीत, गॅसजवळ, बाथरूमच्या कपाटात ठेवू नये. आठवडाभराच्या गोळ्या डबीत काढून ठेवणं ठीक, महिन्याच्या नको. एकाच कंपनीची गोळी घेत राहावं. कंपनी बदललीच तर सहा आठवड्यांनी टीएसएच.

चुकलेल्या गोळीचं काय? टी-४ चं अर्धायुष्य सुमारे सात दिवस. त्यामुळे एक दिवस चुकला तर रक्तात काही कळत नाही. आठवल्यावर त्याच दिवशी रिकाम्या पोटी घ्यावी, नाहीतर दुसऱ्या दिवशी दोन घेतल्या तरी चालतात, हृदयाचा आजार नसेल तर. आठवड्याचा हिशेब पुरा झाला म्हणजे झालं. हाच हिशेब डोस बारीक बदलायलाही उपयोगी पडतो. १०० जास्त होते आणि ७५ कमी पडते? दिवसाआड १०० आणि ७५ दिली की सरासरी ८७.५. नाहीतर १०० ची गोळी आठवड्यातून सहाच दिवस, सरासरी ८६. गोळीचे चार तुकडे करण्यापेक्षा हे अचूक.

पुन्हा रक्त कधी

याच सात दिवसांमुळे डोस बदलल्यावर रक्तातली पातळी स्थिरावायला पाच-सहा आठवडे लागतात. म्हणून सहा ते आठ आठवड्यांआधी केलेला टीएसएच जुन्या आणि नव्या डोसची खिचडी दाखवतो. तीन आठवड्यांनी 'अजून १२ च आहे' म्हणून डोस वाढवला की तीन महिन्यांनी टीएसएच ०.१ वर येतो, मग कमी केला की परत १०. हा झोपाळा डॉक्टरांनीच बांधलेला असतो. फार दिवस उपचाराविना राहिलेल्या पेशंटमध्ये तर फ्री टी-४ नॉर्मल झाल्यावरही टीएसएच खाली यायला आणखी काही महिने घेतो. ९० वरून १८ वर आला असेल तर ती प्रगती आहे. थांबावं.

टीएसएच मर्यादेत आला की तीन महिन्यांनी एकदा खात्री, मग वर्षातून एकदा. मध्ये वजनात मोठा फरक, नवं औषध, गरोदरपण, आतड्याची शस्त्रक्रिया यांपैकी काही झालं तर लवकर. फ्री टी-४ सुद्धा करायचा असेल तर त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यानंतर घ्यावी, कारण गोळीनंतर काही तास तो वर चढलेला असतो. टीएसएचवर याचा परिणाम नाही.

केसांसाठी म्हणून घेतलं जाणारं बायोटिन वेगळाच खेळ करतं. त्या गोळ्यांत ५ ते १० मिलिग्रॅम बायोटिन असतं आणि अनेक लॅबच्या चाचण्यांच्या पद्धतीतच बायोटिन वापरलेलं असतं. त्यामुळे टीएसएच खोटा कमी आणि फ्री टी-४ खोटा जास्त येतो, हुबेहूब हायपरथायरॉइडसारखं, म्हणजे थायरॉइड जास्त काम करत असल्यासारखं, चित्र. केस गळतात म्हणून थायरॉइड तपासायला आलेली व्यक्ती नेमकं हेच घेत असते. तपासणीआधी किमान दोन दिवस बंद ठेवायला सांगावं.

डोस बदलायचा तर १२.५ ते २५ च्या टप्प्याने. उद्दिष्ट लॅबच्या मर्यादेत टीएसएच, तरुणांत साधारण ०.५ ते ३. सत्तरीपुढे ४ ते ६ चालतो, तिथे आकड्याच्या मागे लागू नये. टीएसएच ०.१ च्या खाली राहिला तर वयस्कर माणसांत एट्रियल फिब्रिलेशनची (हृदयाची लय बिघडण्याची) आणि पाळी गेलेल्या बायकांत हाडं ठिसूळ होण्याची शक्यता वाढते. 'थोडी जास्त गोळी घेतली की उत्साह वाटतो, वजन उतरतं' ही विनंती मान्य करू नये. अपवाद एक: थायरॉइडच्या कर्करोगानंतर काही जणांचा टीएसएच मुद्दाम खाली ठेवलेला असतो. तो 'सुधारायला' जाऊ नये, आधी जुनी कागदपत्रं बघावीत.

डोस पुरेसा, तरी टीएसएच वर

वजनाच्या हिशेबापेक्षा जास्त डोस चालू आहे, दर किलोमागे २ मायक्रोग्रॅम म्हणा, आणि टीएसएच १५. सर्वांत आधी गोळ्या चुकतात का हे बघावं, पण आरोपाच्या सुरात विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं. 'गेल्या दोन आठवड्यांत साधारण किती वेळा राहिली?' असं विचारलं की खरं कळतं. रिपोर्टमध्येही पुरावा सापडतो: टीएसएच वाढलेला पण फ्री टी-४ नॉर्मलच्या वरच्या टोकाला किंवा त्याहूनही वर, म्हणजे तपासणीच्या आधीच्या चार दिवसांतच गोळ्या नेमाने घेतल्या गेल्या, त्याआधी नाही. मग वर सांगितलेली घ्यायची पद्धत, सोबतच्या गोळ्या, साठवण, मुदत संपण्याची तारीख. हे सगळं ठीक असेल तर शोषणाचे आजार: सीलिअ‍ॅक (गव्हातल्या ग्लूटेनने आतड्याला होणारी इजा), जठराचा दाह आणि एच. पायलोरी हा जठरातला जंतू, क्वचित लॅक्टोज न पचणं. सीलिअ‍ॅक हाशिमोटोच्या सोबतीने येतो, त्यामुळे त्याची रक्ततपासणी लवकर करावी, विशेषतः लोहही कमी असेल तर. तरीही उलगडा झाला नाही तर तज्ज्ञाकडे पाठवावं. तिथे समोर मोठा डोस देऊन ठरावीक तासांनी फ्री टी-४ मोजतात आणि गोळी शोषली जाते की घेतलीच जात नाही हे स्पष्ट होतं. रोज आठवतच नाही अशा माणसाला, हृदय निरोगी असेल तर, आठवड्याच्या सात दिवसांचा डोस एकाच दिवशी कुणाच्या तरी देखरेखीखाली देणं हा मान्य मार्ग आहे.

याच्या उलट: टीएसएच २, आणि माणूस अजून थकलेला. इथे डोस वाढवणं सोपं आणि चूक. हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, साखर बघावी. घोरणं आणि दिवसा पेंग येणं विचारावं, नैराश्याची विचारपूस करावी, पाळी जाण्याचं वय लक्षात घ्यावं. हायपोथायरॉइडिझममुळे वाढलेलं वजन बहुतेक मीठ-पाण्याचं असतं आणि सहसा दोन ते चार किलोंच्या आसपास. त्यापलीकडचे पंधरा किलो गोळीने उतरणार नाहीत, हे पहिल्या दिवशीच सांगितलेलं बरं. टी-३ जोडून देण्याचे प्रयोग बरेच झाले, सरसकट फायदा दिसला नाही. काही निवडक जणांसाठी तो तज्ज्ञाचा निर्णय.

दिवस गेल्यावर

गोळी चालू असलेल्या प्रत्येक तरुण स्त्रीला आधीच सांगून ठेवावं: गरोदर राहायचं ठरवाल तेव्हा टीएसएच २.५ च्या खाली असू द्या, आणि पाळी चुकून चाचणी पॉझिटिव्ह आली की अपॉइंटमेंटची वाट न बघता आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या घ्यायला लागा. म्हणजे दोन ठरावीक वारी दोन-दोन. साधारण २९ टक्के वाढ होते, आणि तेवढीच लागते. पहिल्या तिमाहीत बाळाची स्वतःची थायरॉइड चालू झालेली नसते, ते आईच्या टी-४ वर असतं. सहा आठवडे वाट बघणं इथे परवडत नाही. मग निम्मे दिवस भरेपर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच, आणि तिसाव्या आठवड्याच्या सुमारास एकदा. गरोदरपणात हमखास लोह आणि कॅल्शियम सुरू होतं, त्या चार तासांच्या अंतराची पुन्हा आठवण द्यावी. बाळंतपणानंतर लगेच आधीचा डोस, सहा आठवड्यांनी टीएसएच.

बाळंतपणानंतरच्या वर्षभरात थायरॉइडला सूज येऊन आधी काही आठवडे हायपर आणि मग हायपो असं होऊ शकतं. हे बऱ्याचदा तात्पुरतं असतं. वर्षभराने डोस निम्मा करून सहा आठवड्यांनी टीएसएच बघत गोळी सोडवण्याचा प्रयत्न करावा, पुन्हा दिवस गेलेले असताना किंवा अंगावर पाजत असताना मात्र नको. 'थायरॉइडची गोळी जन्मभर' हे सगळ्यांना लागू नाही.

तज्ज्ञाकडे आणि रुग्णालयात

गरोदर स्त्री, लहान मूल, अमियोडॅरोन किंवा लिथियमवरचा पेशंट, अस्थिर हृदयविकार, मानेत वाढती गाठ, यांना तज्ज्ञाचं मत हवं. फ्री टी-४ कमी आणि टीएसएच कमी किंवा अगदी 'नॉर्मल', हे चित्र दिसलं तर दोष पिट्युटरीत असू शकतो. फक्त टीएसएच करणाऱ्या लॅबच्या कागदावर हा आजार लपून जातो. डोकेदुखी, दृष्टीच्या कडा अंधारणं, पाळी थांबणं, बाळंतपणात खूप रक्त गेल्यावर दूध न येणं, अशी गोष्ट असेल तर फ्री टी-४ मुद्दाम मागवावा. इथे आधी कॉर्टिसोल, मग थायरॉक्सिन, आणि पुढचा डोस टीएसएचवर नाही तर फ्री टी-४ वर, तो मर्यादेच्या वरच्या अर्ध्यात ठेवून.

आणि मिक्सिडीमा कोमा, म्हणजे हायपोथायरॉइडिझम टोकाला जाऊन शुद्ध हरपत जाणं. वयस्कर माणूस, गोळी महिनोनमहिने सुटलेली, त्यावर एखादा संसर्ग किंवा झोपेचं औषध. अंग गार, नाडी मंद, श्वास संथ, बोलणं असंबद्ध किंवा गुंगी. साध्या थर्मामीटरचा आकडा इतका खाली जातच नाही, म्हणून ताप 'नॉर्मल' वाटतो आणि फसगत होते. रिपोर्टची वाट बघू नये, तोंडाने गोळ्या देत बसू नये. उबदार पांघरूण घालावं, बाहेरून शेक देऊ नये, कारण त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावून रक्तदाब कोसळतो. लगेच अतिदक्षता विभागात हलवावं, आणि पत्रात लिहावं की थायरॉक्सिनच्या इंजेक्शनआधी हायड्रोकॉर्टिसोन द्यावं.